पेपर कोण काढतो? गावच्या कॉलेजातून समजून घेऊ विद्यापीठाची सुधारणा

सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली की आमच्या वर्गातली हजेरी निम्म्यावर येते. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी दहा दिवस वर्गात दिसली नाही, म्हणून मी तिच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कॉलेजात आले. सदऱ्यावर कापसाचे तंतू तसेच होते. वेचणीला मजूर मिळत नाही, पोरगी आठवडाभरात येईल, असं सांगून झालं आणि मग उठता उठता त्यांनी विचारलं, "मॅडम, पोरगी अठी, तुमी अठी, कालेज अठी. मंग पेपर कोण काढते?"

मी म्हटलं, "विद्यापीठ."

"तपासते कोण?"

"विद्यापीठच."

"अन् डिग्रीवर नाव?"

"तेही विद्यापीठाचं."

"मंग विद्यापीठानं तिले शिकवलं काहून नाही?"

इतका नेमका प्रश्न मी उच्च शिक्षणावरच्या एकाही चर्चासत्रात ऐकलेला नाही. त्या दिवशी मी अर्धा तास बोलले, पण माझं मलाच समाधान झालं नाही. उत्तराची सुरुवात पावणेदोनशे वर्षांमागे जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

ग्रेडर कापूस पेरत नाही

कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर असतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तो पेरत नाही, डवरत नाही, वेचत नाही. गाडीत हात घालतो, धागा ओढून पाहतो, ओल बघतो आणि प्रत ठरवतो. त्याच्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. इंग्रजांनी हिंदुस्थानात विद्यापीठं काढली ती अशा ग्रेडरसारखी.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तीन विद्यापीठं उभी राहिली. नमुना होता त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्याला स्वतःचे वर्ग नव्हते, स्वतःचे प्राध्यापक नव्हते. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात उत्तीर्ण झाले. त्यांना शिकवलं एल्फिन्स्टन कॉलेजानं. विद्यापीठानं त्यांना तपासलं.

असं का केलं? एक तर ते स्वस्त होतं. शिवाय सरकारला कचेऱ्या चालवायला माणसं हवी होती, आणि त्या माणसांच्या हातातला कागद सगळीकडे सारखा विश्वासाचा असायला हवा होता. ही व्यवस्था सगळीच वाईट होती असं मी म्हणणार नाही. कुठल्याही आडगावचा, कुठल्याही घरचा मुलगा तोच पेपर सोडवून तीच पदवी मिळवू शकत होता. ज्या समाजात आडनाव पाहून माणसाची किंमत होत होती, तिथे नुसता आसन क्रमांक पाहून गुण मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण तपासणं हेच विद्यापीठाचं मुख्य काम ठरलं की हळूहळू शिकवणंही तपासण्यासाठीच होऊ लागतं. आमच्या वर्गात आजही सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न "हे पेपरात येते का?" हाच आहे. त्यात मुलांचा दोष नाही. घडणच तशी आहे.

विदर्भाची गोष्ट तर आणखी लांबची. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. ते सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं, म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटरवरच्या विद्यापीठाला. १९०४ पासून ते अलाहाबादला जोडलं गेलं. नागपूरच्या मुलाला काय यायला हवं, हे चाळीस वर्षं आधी बंगालात आणि मग गंगायमुनेच्या संगमावर ठरत होतं. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं, तेव्हा त्याच्याकडे ६ कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी होते.

पुढे १९८३ मध्ये अमरावतीचं विद्यापीठ झालं आणि २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, अमरावती, गडचिरोली असं विद्यापीठ आपल्या जवळजवळ येत गेलं. अंतर कमी झालं, निकालासाठी मारायच्या चकरा कमी झाल्या, हे मान्य. पण कॉलेज शिकवणार आणि विद्यापीठ तपासणार, ही वाटणी तशीच राहिली.

सुधारणा कोणाच्या हातात

विद्यापीठ सुधारायचं म्हटलं की तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. निर्णय कोण घेतं, शिकवतं कोण आणि शिकवायचं काय. बहुतेक सुधारणा पहिल्या प्रश्नापासून सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच अडकतात.

जुन्या विद्यापीठांत सेनेट नावाची मोठी सभा असे. तिचे सभासद तहहयात असत. त्यांत न्यायमूर्ती, वकील, मोठे अधिकारी, प्रतिष्ठित लोक असत, आणि शिकवण्याशी अनेकांचा संबंध नसे. लॉर्ड कर्झननं यावर बोट ठेवलं ते बरोबरच होतं. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यानं सभासदांची संख्या ५० ते १०० वर आणली आणि मुदत ५ वर्षं केली. कॉलेजांची तपासणी सुरू केली आणि विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची मुभा दिली. कागदावर हे सगळं चांगलं. पण जुन्या तीन विद्यापीठांत निवडून येणारे सभासद ठेवले फक्त २०. बाकी बहुतेक सगळे कुलपतीनं नेमलेले, आणि कुलपती म्हणजे सरकारचाच माणूस. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात या कायद्याला विरोध केला. विद्यापीठ हे सरकारचं एक खातं होऊन बसेल, असा त्यांचा आक्षेप होता.

ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते. 'सुधारणा' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाडीत भरून येतात. एक म्हणजे दर्जा आणि दुसरी म्हणजे ताबा. कुठलाही नवा कायदा आला की या दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात.

आज आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यात सेनेटला अधिसभा म्हणतात. रोजचा कारभार आणि पैसा पाहते व्यवस्थापन परिषद. अभ्यासाचं सगळं ठरवते विद्या परिषद. एकेका विषयाचा अभ्यासक्रम बनवतं त्या विषयाचं अभ्यास मंडळ. कुलगुरू प्रमुख, कुलसचिव प्रशासन सांभाळणारे, आणि सगळ्यांच्या वर कुलपती, म्हणजे राज्यपाल. १८५७ मध्येही मुंबईचा कुलपती गव्हर्नरच होता. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं कायद्यात बदल करून मंत्र्यांना प्रकुलपती करण्याचं आणि कुलगुरूंच्या निवडीत सरकारचा हात वाढवण्याचं विधेयक मंजूर केलं. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि ते मागे घ्यायचा निर्णय झाला. दोन्ही बाजूंची भाषणं मी वाचली. ताबा कोणाचा, यावर सगळे भरभरून बोलले. गावच्या वर्गात शिकवायला माणूस आहे का, हे विचारणारं वाक्य मला त्यांत सापडलं नाही.

बंगालमधला आयोग

शिकवणाऱ्याला मधोमध ठेवून विचार करणारी एक मोठी चौकशी इंग्रजांच्या काळातच झाली होती. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करायला आयोग नेमला गेला. अध्यक्ष मायकेल सॅडलर, इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू. हिंदुस्थानी सभासदांत आशुतोष मुखर्जी आणि झियाउद्दीन अहमद होते. १९१९ मध्ये त्यांनी १३ खंडांचा अहवाल दिला. सरकारी अहवाल सहसा कोणी आपणहून वाचत नाही, पण याच्या शिफारशी आज वाचल्या तर कालच्या वाटतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इंटरची, म्हणजे आजच्या अकरावी-बारावीची, दोन वर्षं विद्यापीठाच्या गळ्यातून काढून वेगळ्या मंडळाकडे द्या आणि त्यानंतर पदवी तीन वर्षांची करा. शाळेत मातृभाषेतून शिकवा. कुलगुरूचं पद फावल्या वेळातलं मानाचं पद ठेवू नका, पूर्ण वेळाचा पगारी माणूस नेमा. अभ्यासाच्या गोष्टी शिकवणाऱ्यांच्याच परिषदेकडे असू द्या. प्राध्यापक निवडताना समितीत बाहेरचे तज्ज्ञ घ्या. आणि जिथे जमेल तिथे विद्यापीठानं स्वतः शिकवावं.

यातली अकरावी-बारावी वेगळी करण्याची गोष्ट महाराष्ट्रात घडायला सत्तरचं दशक उजाडलं. काही गोष्टी मात्र लगेच झाल्या. ढाक्याचं विद्यापीठ जुलै १९२१ मध्ये सुरू झालं ते स्वतः शिकवणारं, मुलांना वसतिगृहांत ठेवणारं विद्यापीठ म्हणूनच. पहिल्या वर्षी विद्यार्थी ८७७ आणि शिक्षक ६०. आता नागपूरचा आकडा आठवा, ९२७ विद्यार्थी. दोन्ही विद्यापीठं दोन वर्षांच्या अंतरानं जन्मलेली आणि जवळजवळ सारख्याच वजनाची. ढाक्यात विद्यापीठानं आधी माणसं जमवली. त्यांत सत्येंद्रनाथ बोस नावाचा तरुण शिक्षक होता. १९२४ मध्ये ढाक्यातून त्यानं आइन्स्टाइनला पाठवलेला निबंध आज जगभर शिकवला जातो. नागपूर मात्र कॉलेजं जोडून घेणारं विद्यापीठ म्हणून सुरू झालं, त्याचे स्वतःचे विभाग नंतर हळूहळू आले. पैसा नव्हता हे खरंच. पुढे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्यातून १९४२ मध्ये त्यांच्या नावाची तंत्रशास्त्राची संस्था उभी राहिली, तेव्हा कुठे विदर्भाला असं शिक्षण घरच्या घरी मिळालं. एका माणसाच्या देणगीनं जे झालं, ते तोवर सरकारी तिजोरीतून झालेलं नव्हतं.

शिकवणारा माणूस येतो कुठून

माझ्या मते सगळ्या गाठी इथे येऊन बसतात, म्हणून इथे जरा थांबते.

चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास नागपुरात नोकरीला होते. शिक्षक म्हणून नाही, सरकारच्या हिशेब खात्यात. पुढे त्यांची कलकत्त्याला बदली झाली. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळी प्रयोग असा त्यांचा क्रम होता. आशुतोष मुखर्जी १९०६ ते १९१४ कलकत्त्याचे कुलगुरू होते. देणगीच्या पैशातून त्यांनी विज्ञान महाविद्यालय उभारलं आणि भौतिकशास्त्राच्या नव्या जागेसाठी या हिशेबनिसाला बोलावलं. परदेशी पदवी नाही, पीएच.डी. नाही. १९१७ मध्ये रामन प्राध्यापक झाले, तेही कमी पगारावर. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विद्यापीठाला माणूस ओळखता आला आणि ओळखलेला माणूस नेमायची ताकदही त्याच्याकडे होती.

आता आमच्याकडचं सांगते. अनुदानित कॉलेजात एक जागा भरायची तर आधी कार्यभार दाखवावा लागतो, म्हणजे त्या विषयाच्या आठवड्याला किती तासिका होतात ते. मग पद मंजूर व्हायला हवं. मग बिंदुनामावली तपासून घ्यायची, म्हणजे ती जागा कोणत्या आरक्षणाच्या बिंदूवर येते ते पक्कं करायचं. मग ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, निवड समिती आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. पगार सरकार देतं, नेमणूक संस्था करते, मान्यता विद्यापीठ देतं आणि शिकतं गावचं पोर. चौघांपैकी जागा रिकामी राहिल्याची झळ फक्त शेवटच्याला बसते, आणि या साखळीत त्याला विचारणारं कोणी नसतं.

जागा रिकामी असली तरी वर्ग थांबत नाही. मग तासिका तत्त्वावर शिक्षक घेतात. घेतलेले तास मोजून मानधन. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचं मानधनही महिनोन्‌महिने अडकतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक सर सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेले आहेत, पीएच.डी. आहेत, आणि उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवाचं काम घेतात. मुलांना ते फार आवडतात. पण मुलगी दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत सर तिथे असतील की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. सॅडलर आयोग ज्या गोष्टीला विद्यापीठाचा पाया म्हणत होता, ती आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर चालते.

आणि जिथे कायम जागा निघते तिथलंही खरं सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी मी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. मुलाखत व्हायच्या आधीच बाहेरच्या खोलीत एका माणसानं बाबांना जागेचा आकडा सांगितला. आमचं पाच एकर कोरडवाहू होतं. परतताना एस.टी.त बाबा म्हणाले, "दोन एकर काढू." मी नाही म्हटलं. ते गावापर्यंत बोलले नाहीत. पुढे मला दुसरीकडे नोकरी मिळाली ती कोणाला काही न देता. पण माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार मुलांनी तेव्हाच शिक्षक होण्याचा नाद सोडला.

म्हणून निवड समितीत बाहेरचे तज्ज्ञ हवेत, हे वाक्य मला कोरडं वाटत नाही. नियमात आज ते आहेत. कुलगुरूंचे प्रतिनिधी असतात, विषयतज्ज्ञ असतात, उच्च शिक्षण सहसंचालकांचा प्रतिनिधी असतो. पण समिती बसायच्या आधीच नाव ठरलेलं असेल तर पाहुणे फक्त सह्या करतात. रामनसारखा माणूस ओळखणारी नजर आणि ताकद समितीला द्यावी, तर त्याच ताकदीनं कोणी पुतण्याला बसवतो. त्याला आवर घालावा म्हणून नेट, सेट अशा पात्रता परीक्षा आणि गुणांचे तक्ते आले. तक्ते आले की नजर गेली. या पेचाला सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. पण निवडीचे गुण, उमेदवारांची यादी आणि समितीतल्या प्रत्येकानं दिलेला शेरा लोकांसमोर ठेवला, तर बाहेरच्या खोलीतल्या माणसाचं काम नक्कीच अवघड होईल.

आणि शिकवायचं काय

मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीच्या परीक्षांत मराठी होती. १८६० च्या दशकात ती वरच्या परीक्षांतून गेली आणि तिच्या जागी संस्कृतासारख्या अभिजात भाषा बसल्या. रानडे तिला परत आणण्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे एम.ए.ला तिला जागा मिळाली. आपलीच भाषा आपल्याच विद्यापीठात शिरायला एवढा काळ लागला, कारण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलावर तिची बाजू घेणारे थोडे होते.

आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे अभ्यासक्रम पुन्हा बदलले आहेत. एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तीन झाली की पदवी, चार झाली की ऑनर्स. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, कौशल्याचे विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मला ही कल्पना मनापासून आवडते. माझ्या विद्यार्थिनीनं अर्थशास्त्राबरोबर हवामान शिकावं, जिनिंगमध्ये महिनाभर काम करावं, बाजार समितीची आवक-जावक वहीत उतरवून त्यावरून भावाचा आलेख काढावा. याहून चांगलं अर्थशास्त्र मला शिकवता येणार नाही.

पण गावच्या कॉलेजात विषयांची निवड मुलीच्या आवडीनं होत नाही. कोणते शिक्षक उरले आहेत, यावर होते. तिला भूगोल हवा होता. भूगोलाचे सर निवृत्त झाले ते झालेच. म्हणून तिनं इतिहास घेतला. नव्या धोरणात पंधरा वर्षांत संलग्नतेची, म्हणजे कॉलेजं विद्यापीठाला जोडण्याची, पद्धतच मोडीत काढायची आहे. कॉलेजांनी स्वायत्त व्हायचं, स्वतःच शिकवायचं, स्वतःच तपासायचं, स्वतःच पदवी द्यायची. म्हणजे १८५७ ची वाटणी अखेर संपायची. कापूस उत्पादकाच्या त्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर आजवर कोणत्याच सरकारी कागदानं दिलेलं नाही. माझी धास्ती एवढीच आहे की शेतात माणूस नसताना ग्रेडरचा काटा तेवढा गावात येऊन बसायचा. दहा जागांपैकी सहा रिकाम्या असलेलं कॉलेज स्वायत्त झालं तर तिथला पेपर तेच काढणार जे उद्या नसतील. म्हणून आधी शिक्षक, मग अभ्यासक्रम, मग स्वायत्तता, असा क्रम मला हवा आहे. आज तो बरोबर उलटा लागला आहे.

ती मुलगी उन्हाळ्यात पास झाली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा वडील बरोबर होते. मी त्यांना अधिसभेबद्दल सांगितलं. तिच्यात १० जागा नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून येतात. त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. आमदार निवडायच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी आणि ही वेगळी. बहुतेकांना तेच माहीत नसतं, म्हणून त्या १० जागांवर गावाकडचा माणूस क्वचितच पोहोचतो. मागच्या यादीत आमच्या गावची नावं मी मोजली होती. चार निघाली.

"मंग हिचंबी टाका," वडील म्हणाले. "भूगोलाच्या मास्तराचं तठी इचारता येईन नं?"

"विचारता येतं," मी म्हटलं.

तिनं माझ्या टेबलावरचा पेन घेतला आणि तिथेच बसून अर्ज भरायला सुरुवात केली. पत्त्याच्या रकान्याशी ती अडली. मुक्काम लिहायचा की कॉलेजाचा पत्ता, असं तिनं विचारलं. वडिलांनी मुक्काम सांगितला, पोस्ट सांगितलं, मग तालुका सांगितला.